रुखवतातली जोडी

सारजानं टेबलावरची काड्यापेट्यांची बैलगाडी उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात नवरदेवाकडच्या दोन गड्यांनी ते टेबल बैलगाडीसकट उचललं आणि टेम्पोत चढवलं. पाठोपाठ दुसरंही गेलं.

"आवं, आवं, ती टेबलं न्हवं..." ती म्हणाली खरी, पण बँडवाल्यांना नेमका तेव्हाच चेव आला होता.

टेबलं रुखवतातली नव्हतीच मुळी. रुखवत मांडायला म्हणून सारजाच्या घरनं आणली होती, तीही दोन तासांपुरती. पुतणीच्या, वृषालीच्या लग्नात अनारसे, करंज्या, थर्माकोलचं देऊळ, मण्यांचे मोर असं इतकं रुखवत झालं की थोरल्या जावेला, नवरीच्या आईला फुलाबाईला, जागा पुरेना. तिनं गळ घातली आणि सारजा भिडेपोटी "ने" म्हणून बसली. तिथंच घात झाला.

त्यात तो हिंदुराव! नवरीचा मामा. त्याच्या हातात एकदा माईक गेला की तो काढून घ्यायला चार माणसं लागत. टेम्पो भरायच्या आधी आहेर पुकारता पुकारता त्याची नजर टेबलांवर गेली. शेजारी सारजा राखणीला उभी. त्यानं आपल्या मनानंच ठरवलं आणि दिलं ठोकून.

"नवरीची चुलती, सौभाग्यवती सारजाबाई दादासो मारकड, मुक्काम बावडा, यांच्याकडून सागवानी टेबलांची जोडी!"

मांडवात टाळ्या पडल्या. तिच्या नवऱ्यानं, दादासोनं, काही ठाऊक नसताना फेटा सावरला. शेकडो माणसं आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर सारजाला हात जोडावे लागले. आणि एकदा हात जोडल्यावर बोलायचं काय? रुखवतात मांडलेली वस्तू नवरीमागं सासरी जाते. ती परत मागणं म्हणजे सगळ्या भावकीची अब्रू वेशीवर टांगणं.

कुणी म्हणेल, दोन टेबलांचं ते काय एवढं! असं म्हणणाऱ्यानं सारजाला ती निवडताना बघायला हवं होतं. सोफ्याच्या हाताएवढी उंची मोजून तिनं सुतळीला गाठ मारली होती आणि ती सुतळी कनवटीला लावून बारामतीच्या तीन दुकानांत तीन खेपा घातल्या होत्या. दुकानदारानं टेप पुढं केला तर म्हणाली, "तुमचा टेप तुमच्यापाशी ठेवा, माझी गाठ मला ठावं हाय." एक टेबल बोटभर उंच निघालं, एकाचा पाय हलत होता, एकाचं पॉलिश असं की बघणाऱ्याला ताप यावा. शेवटी मनासारखी जोडी मिळाली. अंगाला नाजूक, खाली एकेक खण. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ती मांडली तेव्हा डाव्यावर तिनं क्रोशाचा रुमाल आणि पितळी फुलदाणी ठेवली. उजवं रिकामं.

"रिकामंच ठेवायचं तर आणलं कशाला?" दादासोनं विचारलं होतं.

"डोळ्याला बरं वाटाया."

ते घर बांधलं सासऱ्यानं, रंग ठरवला दिरानं, सोफा आणला नवऱ्यानं. वीस वर्षांच्या संसारात त्या घरासाठी तिनं स्वतः निवडलेली ही पहिली वस्तू होती. आणि ती पंधरा दिवसांत टेम्पोत बसून वृषालीच्या सासरी, लोणी भापकरला गेली. त्या रात्री सारजा जेवली नाही. सगळ्यांना वाटलं, पुतणीच्या मायेनं.

पुढं तीन महिने जो भेटेल तो म्हणे, चुलती असावी तर अशी. सारजा मान डोलवी आणि मनातल्या मनात हिंदुरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

पंचमी आली. पहिल्या सणाला लेकीला माहेरी आणायला खरं तर भाऊ जातो. पण सारजा अडूनच बसली, "मी जाते." तीन एस्ट्या बदलून ती लोणीत पोचली तेव्हा काय बोलायचं ते तिनं तोंडपाठ केलं होतं. हसत हसत विषय काढायचा, गैरसमज झाला म्हणायचं. अब्रू जाते तर जाऊ दे, टेबलं आली पाहिजेत.

घराच्या सोप्यात पाऊल टाकलं आणि तिची नजर थेट दिवाणाकडं गेली. दिवाणाशेजारी तिचं टेबल होतं. त्यावर वृषालीच्या सासऱ्याची, मोहनरावांची तंबाखूची डबी, चष्मा, ट्रान्झिस्टर आणि चहाच्या कपांची सात पांढरी वर्तुळं. सारजानं मोजली.

"या, या, विहीणबाई!" वृषालीची सासू चंद्राबाई लगबगीनं पुढं आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. "टेबलं लई कामाला येत्यात बघा तुमची."

"दिसतंय की," सारजा म्हणाली.

वृषालीनं तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. दुसरं टेबल तिथं, खाटेच्या उशाशी होतं. त्यावर धुतलेला रुमाल, आणि एकही डाग नाही.

"काकी, टेबलं न्यायला आलायसा न्हवं?"

सारजाला ठसकाच लागला. "मी? मी तुला न्यायला आले, पंचमीला."

"मला नका सांगू. बारामतीला सुतळी घेऊन हिंडत हुता तवा मीच हुते की संगं. मामानं माईकवर पुकारलं तवा तुमचं त्वांड बघितलं मी. नवरी हुते म्हणून हसायची चोरी." वृषाली आता मात्र पोटभर हसली. "घेऊन जावा. आज जीप मोकळी हाय. आत्याबाईंना सांगते, पॉलिश गेलंय, दुकानात द्यायची."

सारजाला पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडावीशी वाटली. मनानं ती केव्हाच बावड्याला पोचली, सातही वर्तुळं घासून निघाली.

वृषालीनं बांगडीतल्या पिनेला अडकवलेली इवलीशी किल्ली काढून टेबलाचा खण उघडला. या खणांना कुलूप आहे याकडं दुकानात सारजाचं लक्षही गेलं नव्हतं. पोरगी एकेक वस्तू काढून पदरात घेऊ लागली. बिस्किटाचा अर्धा पुडा. आईचं पत्र. नेलपॉलिशची बाटली. बारावीची गुणपत्रिका. मैत्रिणींबरोबरचा एक फोटो. खण रिकामा झाला आणि भरला पदर सावरत ती खोलीभर बघू लागली. खुंट्यांवर नवऱ्याचे, मल्हारचे शर्ट. कोपऱ्यात बियाण्याची पोती. कोनाड्यात देवाचा भंडारा. ती कोनाड्यापर्यंत गेली आणि परत मधोमध येऊन उभी राहिली.

"कपाटात ठेव की," सारजा म्हणाली.

"त्याची किल्ली आत्याबाईंच्या कमरंला." वृषालीच्या आवाजात तक्रार नव्हती. "मानसं चांगली हायती, काकी. पर बिस्किटासाठी किल्ली मागायची म्हंजे लाज वाटती. परवा ह्या खणाचीबी मागितली हुती त्यांनी. मी म्हटलं, सापडंना."

सारजाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यातसुद्धा टेबलाच्या पॉलिशवरून तिचा हात एकदा फिरलाच.

"ठेव परत," ती म्हणाली.

"आवं, पर..."

"ठेव म्हणते न्हवं!"

तेवढ्यात चहाचे कप घेऊन चंद्राबाई आत आली. उघडा खण बघून जागीच थांबली. "अगं बया! किल्ली घावली म्हणायची!"

वृषालीचं तोंड उतरलं. सारजानं कप घेतला आणि खाटेवर ताठ बसली.

"बघत हुते," ती म्हणाली, "पोरगी रीत पाळती का न्हाय."

"कसली रीत?"

कसली ते सारजालाही ठाऊक नव्हतं. तिनं चहाचा एक लांब घोट घेतला.

"आमच्या बावड्याला, रुखवतातल्या टेबलाची किल्ली लेकीकडंच ऱ्हाती. दुसऱ्या कुणी त्या खणाला हात लावायचा न्हाय. लई जुनी रीत हाय."

मारकडांच्या घरातून रुखवतात टेबल जाण्याची ही पहिलीच खेप होती. पण सारजाचा चेहरा असा, की तिच्या आजेसासूपासून हे चालत आलंय.

चंद्राबाई घाबरली. "आमाला कुणी बोललंच न्हाय वो! मी मागितली की किल्ली परवा!"

"मागितली, घेतली न्हाय. चालतंय तेवढं."

चंद्राबाई खाटेच्या कडेला टेकली. कमरेचा जुडगा तिनं हातात घेतला आणि एकेक किल्ली सरकवू लागली. कपाट, कोठी, दुधाची खोली, ट्रंक. सगळ्या घरादाराच्या. त्या सरकवून झाल्या तरी तिचं बोट फिरतच राहिलं.

"आन विहीणबाई," तिनं हळूच विचारलं, "दुसऱ्या टेबलाची? भाईरच्या?"

सारजानं तिच्याकडं नीट बघितलं. तीन महिने या बाईला तिनं मनात चोर ठरवलं होतं.

"ते सासूचं," सारजा म्हणाली. "जोडी त्याच्यासाठीच देत्यात."

चंद्राबाईनं आपला चहा तसाच ठेवला आणि उठून बाहेर गेली. सोप्यातून तिचा आवाज आला.

"आवं, उठा. ती तंबाखूची डबी काढा तितनं. चष्माबी. आन खणाची किल्ली द्या हिकडं."

"आँ? काय झालं?" मोहनराव विचारत होते.

"रीत हाय."