लवकर वाळतं म्हणून

मी एक परात बोलतेय. एनॅमलची, पांढरी, काठाला निळी रेघ असलेली. जावा बेटावरच्या क्लातेनमध्ये पार्जिमानच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात माझा जन्म गेला. भात मला कधी ठाऊकच नाही. पहिल्या दिवसापासून नशिबी आलं ते काळं ग्रीस, चेन आणि छर्रे.

धुण्याचं काम त्याच्या बायकोचं, सुमार्नीचं. मुलं झाल्यापासून दोघं एकमेकांना 'पाक' आणि 'बू', म्हणजे बाबा आणि आई, म्हणायची. ती माझ्यात रॉकेल ओतून चेनची एकेक कडी घासायची, छर्रा चिमटीत फिरवायची आणि म्हणायची, "पाक, हा टाकून द्या. खड्डा पडलाय." डोळ्यांना न दिसणारा खड्डा तिच्या बोटांना कळायचा.

मग सरकारने घरोघरी गॅसच्या टाक्या वाटल्या आणि रॉकेल मिळेनासं झालं. सुमार्नीने साबणाचं पाणी करून पाहिलं, तर सकाळी छऱ्यांवर गंज. डिझेलचा चिकटा जाईना. पेट्रोलला तिनेच नको म्हटलं, कारण शेजारी तळणीचा गाडा, दिवसभर जाळ.

तेव्हा पार्जिमानने चपलांच्या कारखान्यातून एक कॅन आणला. त्यावर नाव नव्हतं. आतलं द्रव पाण्यासारखं नितळ, वास गोडसर. चेन बुडवून काढली की नव्यासारखी, आणि बघता बघता कोरडी.

"बघ बू, जादू आहे की नाही!"

"डोकं जड होतंय पण."

"दार उघड थोडं. जास्त नको, पाऊस आत येतो."

त्या पावसाळ्यात दार कायम अर्धं लोटलेलं असे. ती माझ्यावर वाकलेली, आणि माझ्यातून उठणारी वाफ थेट तिच्या तोंडावर.

पाचेक महिन्यांनी एकदा ती विहिरीवरून एकाच चपलेने आली. पार्जिमान हसला, "दुसरी कुणाला दान केलीस?" तिने खाली पाहिलं. चप्पल पडल्याचं तिला कळलंच नव्हतं.

मग छर्रे हातातून सुटू लागले. तो करवादला, "लक्ष कुठे असतं तुझं?"

"लक्ष आहे, पाक. बोटंच नाहीत."

दवाखान्यातून परतले तेव्हा पार्जिमानचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या द्रवाने नसा मरतात, काही परत येतील, काही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तो शेजारच्या गाडेवाल्याला पुन्हापुन्हा एवढंच सांगत राहिला, "लवकर वाळतं, इतकंच बघितलं रे मी."

उरलेला कॅन घेऊन तो कारखान्यात गेला. आला आणि माझ्याशेजारी मटकन बसला.

"बू, तिथे सहा बायका हेच द्रव घातलेल्या गोंदाने तळवे चिकटवायला बसल्या होत्या. चौघींनी चपला सुतळीने पायाला बांधल्यात. सारख्या निसटतात म्हणे."

"तुम्ही बोललात ना?"

"बोललो. मालकाने हाताला धरून बाहेर काढलं."

याला दोन वर्षं झाली. सुमार्नी भिंत धरून चालते. तिच्या झंपराचे हूक तो लावतो. धुणंही तोच करतो, अंगणात, हातमोजे घालून, कुठून तरी मिळवलेल्या रॉकेलमध्ये. वेळ लागतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात.

संध्याकाळी कारखान्यातल्या बायका सायकलींवरून समोरून जातात. सुमार्नी दारात बसून प्रत्येकीला हाक मारते, "अगं पोरी, पायाला मुंग्या येतात का?" बहुतेक जणी मान खाली घालून पायडल मारत राहतात. काल मात्र एक उतरली, आणि उत्तर द्यायच्या आधीच रडायला लागली.

माझ्या बुडाला गंजून भोक पडत आलंय; लवकरच भंगारात जाईन. माझ्यात काय ओततात, त्याला मला नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. हात घालण्याआधी त्याचं नाव विचारा.