काटा फिरत होता

मी बोलते आहे खाटेच्या पायथ्याकडून. लोखंडी दांडीला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची तबकडी दिसते ना, ती मी. मधोमध एक काटा आणि भोवती तीन रंग. घड्याळ समजून कुणी वेळ बघायला येतं आणि हिरमुसून जातं. वेळ मला कळत नाही. खाटेवरच्या माणसाने आत्ता कोणत्या कुशीवर असायला हवं, एवढंच मला सांगता येतं. डावी, उजवी, उताणी. तीन शब्दांवर मी आयुष्य काढलं.

माझा जन्म सलाईनच्या खोक्यातला. माझ्या पाठीवर अजून ‘ही बाजू वर’ असं छापलेलं आहे आणि ती बाजू कायम मागे असते. छापील सूचना कोण किती पाळतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. मला कापलं या वॉर्डाच्या सिस्टरने. काटा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा, तो बसवला शर्टाच्या बटणावर. रंग दिले तिच्या लेकीने, ती तेव्हा आठ वर्षांची होती. डावीला हिरवा, उजवीला निळा, उताणीला पिवळा. पिवळा खडू रेषेबाहेर गेला तशी लेक रडकुंडीला आली. सिस्टर म्हणाली, “असू दे गं. पेशंट काही मार्क कापणार नाहीत.”

माझं काम साधं होतं. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर अंगाखाली दबलेली कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते आणि जखम थेट हाडापर्यंत जाते. सिस्टर तिला आळसाची जखम म्हणायची. पुढे तिने तो शब्द सोडला.

कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकीने खांदा धरायचा, दुसरीने कंबर. सिस्टरबरोबर वॉर्डातल्या मावशी असायच्या, हाडापेराने दणकट आणि तोंडाने त्याहून. दोघी चाळीस खाटांची रांग अशी धरायच्या की बघत राहावं. तेव्हा अख्ख्या रांगेला मी एकटीच तबकडी होते. आधी माणूस वळायचा, मग सिस्टर चादरीची सुरकुती काढायची आणि सगळ्यांत शेवटी माझा काटा सरकायचा. हा क्रम तिने कधी मोडला नाही. वॉर्डातली माणसं मागून तिला ‘उलथणं’ म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि तिला ते आवडायचंही.

शिकाऊ मुलींची नवी तुकडी आली की ती माझ्याशेजारी उभी राहून जुनं कोडं घालायची, “भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली?” पोरी एका सुरात म्हणायच्या, “न फिरवल्यामुळे.” मग ती विचारायची, “आणि पेशंटची पाठ का सडली?” तेवढ्या उत्तराला सगळ्यांचा आवाज खाली यायचा. एक चष्मेवाली मात्र तेही खणखणीत सांगायची. हात हलका, डोळा तयार, आणि म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना आधी खाली वाकायची सवय. सिस्टर मावशींना म्हणाली होती, “माझ्यामागे हा वॉर्ड हिच्या हातात असेल, मला चिंता नाही.”

सिस्टरने वही घातली होती. मी येण्याआधीच्या तीन महिन्यांत किती पाठींना जखमा झाल्या आणि मी आल्यावरच्या तीन महिन्यांत किती. आधी चौदा, नंतर तीन. त्या तिघांची नावं तिला पाठ होती, कारण तिला तीही नको होती. त्यावर तिने नऊ पानं लिहिली आणि एका मोठ्या सभेत वाचायला गेली. नमुना म्हणून पिशवीतून मलाही नेलं. तिचा नंबर लागला जेवणाच्या सुट्टीआधी, आणि निम्म्या खुर्च्यांचं लक्ष दाराकडे. पुढच्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर म्हणाले, “यात संशोधन काय आहे? हे तर कुणालाही कळतं.”

सिस्टर म्हणाली, “कळतं सगळ्यांना, सर. करायला दोघं लागतात.”

कुणीतरी हसलं आणि सगळे जेवायला उठले. परत येताना बसमध्ये तिने मला पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं आणि पिवळ्या रंगावरून अंगठा फिरवत राहिली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आज वाटतं, ते तेव्हा हसले तेच बरं होतं. पुढे त्यांनी मला मनावर घेतलं आणि घात झाला.

झालं असं. बऱ्याच वर्षांनी एक समिती नेमली गेली. शुश्रूषेचं भवितव्य ठरवायचं, म्हणजे पुढे नर्सेसनी कसं शिकावं, कसं काम करावं, किती जणींनी करावं, हे सगळं. त्या समितीला कुठूनतरी ती नऊ पानं सापडली आणि ती वॉर्ड बघायला येणार असं ठरलं. सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलींनी माझ्यासारख्या एकोणचाळीस तबकड्या कापल्या आणि प्रत्येक खाटेला एक बांधली.

समिती यायची त्या सकाळी दोन नर्सेसना दुसऱ्या वॉर्डात पळवलं. मावशी तापाने घरी. उरली सिस्टर, एक नवखी नर्स आणि आता नर्स झालेली चष्मेवाली. औषधं, सलाईन, एकाची शुद्ध गेलेली; आठनंतर कुणाची कूस बदललीच गेली नव्हती. पावणेअकराला जिन्यावर बुटांचे आवाज आले. सगळे काटे आठ वाजता होते तिथेच अडकलेले, म्हणजे सगळे पिवळ्यावर.

सिस्टर पहिल्या खाटेपासून निघाली. एका बोटाने एकेक काटा हिरव्यावर सरकवत ती शेवटपर्यंत आली. माणसं होती तशीच उताणी. खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेला मी होते. माझ्यापाशी तिचं बोट क्षणभर थांबलं.

चष्मेवाली मागे उभी होती. “सिस्टर, पण पेशंट?”

“ते नंतर. आधी यांना जाऊ दे.”

आणि तिने मलाही सरकवलं. जन्मात पहिल्यांदा मी खोटं बोलले, आणि ते माझ्या आईच्या बोटाने.

समितीने कागदावर बरोबरच्या खुणा केल्या. काट्यांकडे सगळ्यांनी पाहिलं, माणसांकडे एकानेही निरखून पाहिलं नाही. कौतुक करून ते गेले. त्यांची पाठ वळताच सिस्टर आणि चष्मेवाली दोघी रांगेला लागल्या आणि तीन वाजेपर्यंत एकेकाला वळवत राहिल्या. सिस्टरने डबा उघडला नाही. ती बेइमान नव्हती हो. आपला वॉर्ड, आपल्या मुली चारचौघांत उघड्या पडू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, हजर माणसं तीन, कूस बदलण्याचं काम शंभर टक्के. तेव्हा चाळीस खाटांना तीन माणसं पुरतात. रिकाम्या जागा भरायची गरज नाही. काटा बघून नोंद करावी, हीच पद्धत सगळीकडे लावावी.

खरं सांगून टाकते म्हणून सिस्टर वरच्या ऑफिसात निघाली आणि अर्धा जिना चढून परत आली, असं मावशींनी नंतर झाडताना कुणाला तरी सांगितलं. आपणच खणलेला खड्डा कुणाला दाखवणार? त्यानंतर तिने कोडं घालणं बंद केलं. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी आग्रह केला तेव्हाही ती नुसती हसली आणि माझी सैल झालेली सुतळी घट्ट बांधून गेली.

मग छापील प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या. मोजून एकोणचाळीस आल्या, म्हणून मी राहिले. शिकवणंही बदललं. मुली आता पडद्यावर शिकतात. चित्रातल्या पेशंटला बोट लावलं की तो आपोआप कूस बदलतो आणि खाली ‘शाब्बास’ असं उमटतं. त्या मुली वॉर्डात येतात पंधरा दिवसांसाठी. खऱ्या माणसाचं वजन हातावर आलं की दचकतात. माणूस इतका जड असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांचा काय दोष? त्यातल्या चांगल्या निघतात त्या वर्षभरात दूरदेशी जातात, जिथे चार खाटांना एक नर्स असते म्हणे.

सिस्टर परत आली ती स्ट्रेचरवरून. उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. म्हणजे सगळी नाही, एक शब्द उरला होता: हो. पाणी हवं का, हो. दुखतंय का, हो. नाव काय, तरी हो. वॉर्डाची इन्चार्ज आता चष्मेवाली होती. तिने सांगितलं, सिस्टरांना खिडकीची खाट द्या. त्यात मानच होता. पहिला आठवडा तिने स्वतः दुसऱ्या नर्सला हाताशी घेऊन दर दोन तासांनी सिस्टरची कूस बदलली, आणि काटा शेवटी.

दुसऱ्या आठवड्यात ती दुसरी नर्स काम सोडून गेली. तिच्या जागी आली ती सकाळभर फक्त इंजेक्शनंच देत फिरायची. मावशी कधीच्या घरी बसल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. एका सकाळी दहाला चष्मेवाली खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. सिस्टर तिच्याकडे बघत होती.

“सिस्टर, एकटी आहे मी. ती मोकळी झाली की येऊन वळवते तुम्हाला.”

“हो,” सिस्टर म्हणाली.

चष्मेवालीने मान खाली घातली आणि माझा काटा हिरव्यावर सरकवला. एका बोटाने, अगदी सिस्टरसारखा. ती परत आली बाराला. तेव्हा तिने मला निळ्यावर नेलं. मग पिवळ्यावर. सिस्टर होती तशीच उताणी, आणि पुढे रोज हेच.

लेक रोज तीनला यायची. आता ती स्वतः शाळेत शिकवते. त्या वेळेला काटा पिवळ्यावर असायचा आणि आई उताणी असायची, सगळं जुळायचं. माझ्यावरचा रेषेबाहेर गेलेला पिवळा रंग तिने पहिल्याच दिवशी ओळखला आणि तिला गहिवरून आलं. ती माझ्यावरून हात फिरवायची आणि आईला म्हणायची, “बघ, तुझीच तबकडी तुला सांभाळतेय. वेळच्या वेळी वळवतात ना गं तुला?”

“हो.”

दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता, हे खरं. पण मान हलवता येत होती. मी समोरच होते, मी पाहिलं आहे. तिने मान हलवली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिची नजर चुकवता येईना, कारण मला मानच नाही. चष्मेवालीला ती वाचवत होती की स्वतःचं जुनं फेडत होती, ते तिचं तिला ठाऊक. मला वाचा असती तर मी तेव्हा बोंब ठोकली असती. आज बोलतेय, त्याचा तिला काय उपयोग?

वास आधी लेकीला आला. तिने आईला स्वतःकडे ओढून चादर उचलली. कमरेखाली मूठ बसेल एवढी जखम होती आणि तिच्या तळाशी पांढरं दिसत होतं.  लेकीने चादर खाली सोडली आणि चष्मेवालीला हाक मारली.

“अहो, काटा तर रोज फिरत होता.”

चष्मेवालीने चष्मा काढला. “काटाच फिरत होता, ताई.”

त्या दोघींनी मिळून तेव्हा सिस्टरला डाव्या कुशीवर वळवलं. लेकीने खांदा धरला, चष्मेवालीने कंबर. किती सोपं होतं. पाव मिनिटही लागलं नाही. पुढचे अकरा दिवस लेक शाळा सोडून तिथेच बसली, आणि दर दोन तासांनी कुणाच्या तरी हातापाया पडून आईला वळवून घेत होती. बाराव्या दिवशी सिस्टर गेली. कागदावर कारण मेंदूचं लिहिलं, आणि माझ्या खाटेची नोंद त्या महिन्यातही शंभर टक्के निघाली.

जाताना लेकीने माझी सुतळी सोडायला घेतली. गाठ आईने मारलेली, सुटेना. चष्मेवाली हळूच म्हणाली, “राहू द्या ताई. खाटेला तबकडी नसली तर मला जाब विचारतात.” लेकीचे हात खाली आले. मागे वळून न बघता ती गेली. मला तिने घरी नेलं असतं, चुलीत घातलं असतं, काहीही केलं असतं तरी मी धन्य झाले असते.

मी अजून इथेच आहे. चष्मेवाली महिनाभर रजेवर गेली आणि परत आलीच नाही. आता कोण इन्चार्ज आहे मला माहीत नाही, रोज वेगळं बोट असतं. शुश्रूषेच्या भवितव्याबद्दल बोलायला मागच्या आठवड्यात पुन्हा काही माणसं येऊन गेली. त्यांनी माझा फोटो काढला. माझ्याशेजारी उभं राहून आपलाही काढून घेतला.

सध्या माझ्या खाटेवर एक म्हातारे सुतार आहेत. त्यांना हलता येत नाही आणि भेटायला कुणी येत नाही. माझा काटा हिरव्यावर आहे. सकाळपासून ते उताणे आहेत.

तुम्ही इथवर आलाच आहात तर माझं एक ऐका. माझ्याकडे बघू नका. चादर उचला आणि त्यांची पाठ बघा. आणि कुणाला तरी हाक मारा, कारण याला दोघं लागतात.