पाच वाजताचं खाणं

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन राज्यं आहेत. खिडकीजवळ माझं शिलाई मशीन, आणि बाकीच्या सगळ्या जमिनीवर बायकोची पोरं. तिची म्हणजे लोकांची. सकाळी आणून सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात. मधल्या वेळात ही त्यांना खेळवते, झोपवते आणि मुख्य म्हणजे खाऊ घालते. खाऊ घालणं हा तिचा धंदा नाही, ती खोड आहे. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आमच्याकडे काहीतरी खाऊन जातं, आणि मग मला त्याच्या कमरेचं माप पुन्हा घ्यावं लागतं.

या पोरांत सगळ्यात लहान ती बटण. हे नाव मी ठेवलं, कारण आली तेव्हा एवढीशी होती आणि सारखी निसटून खाली पडायची. तिची आई औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. वडील दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टीला येतात. घरात मायलेकी दोघीच. बटण रांगायला लागायच्या आत आमच्याकडे आली, आता तोंडाचा पट्टा थांबत नाही. आमच्या हिचा तिच्यावर फार जीव. आम्हाला मूलबाळ नाही, हे एकदाच सांगून टाकतो.

तर भांडण सुरू झालं ते साखरेवरून.

"काकू, तिला संध्याकाळी गोड नका देत जाऊ," बटणाची आई म्हणाली. "दात किडतात."

"बरं," ही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता लोणी घालून कुस्करलेला बटाटा द्यायला लागली. आठवड्याभरात बटाटा जड ठरला. मग उकडलेलं अंडं आलं, ते उष्ण पडलं. केळ्याने कफ झाला. आमच्या हिच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या, पण बाई शब्दाची पक्की. नको म्हटलेली वस्तू त्या पोरीला पुन्हा कधी दिली नाही. फक्त पाच वाजले की नवीन काहीतरी शिजवून पुढे ठेवायची.

"हिला पोर हवेवर वाढवायचीय," ती मला म्हणायची. "औषधाच्या दुकानात राहून डोकं तसंच झालंय. हे जेवणाआधी, ते जेवणानंतर, आणि जेवण म्हणाल तर नाहीच."

"मग पाच वाजता देऊच नकोस काही," मी एकदा म्हणून पाहिलं.

"अहो, दिवसभर पायांवर उभी असते ती. घरी जाऊन कधी रांधणार? पोरीचं पोट इथूनच भरून गेलेलं बरं. माझ्या दारातून आजवर एक पोर भुकेलं गेलेलं नाही."

मी मशीन चालवत राहिलो.

शेवटी गाजराचं सूप आलं. गाजरात कुणी काय खोट काढणार, अशा थाटात हिने ते सूप केलं होतं. बटणाच्या आईने लेकीचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "काकू, गाजर जास्त होतंय. हिचे तळवे केशरी दिसतायत."

मी मान वर करून पाहिलं. तळवे केशरी होतेच. दुपारभर पोरगी माझ्या कापडावर आखायच्या खडूने भिंत रंगवत होती. मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढचं बोलून गेली.

"आमच्या दुकानामागे नवीन पाळणाघर निघालंय. पुढच्या महिन्यापासून तिला तिकडे घालावं म्हणतेय."

"तुझी मुलगी, तुझी मर्जी," ही म्हणाली आणि आत गेली. आत बराच वेळ नळ वाहत होता. भांडी तर कधीच घासून झाली होती.

त्या दिवसापासून घराची रयाच गेली. ही पोरांना नेहमीसारखं भरवायची, पण स्वतः दोन घासांवर उठायची. बटण मांडीवर येऊन बसली की तिचे केस उगाच पुन्हा पुन्हा विंचरायची. मला त्या आईचा खरंच संताप आला होता.

आणि सुट्टीच्या दिवशी नेमकी ती दारात. दुकानातला नवीन पांढरा कोट मिळाला होता, त्याच्या बाह्या लांब होत्या. ही बाजारात गेलेली. येईपर्यंत चार खडे बोल सुनवावेत, असं मी ठरवलं, पण बाह्या दुमडायच्या म्हणजे तोंडात टाचण्या धराव्या लागतात. ती आरशासमोर हात पसरून उभी राहिली. टाचण्या लावलेल्या माणसाला हलता येत नाही, मग त्याचं तोंड सुटतं. मला अर्ध्या गावाची भांडणं अशीच कळली आहेत.

"काका, काकू रागावल्यात ना माझ्यावर?"

"हूं."

"गाजराचं काही नाही हो. गाजर चांगलंच असतं. बटाटासुद्धा."

टाचणी गिळता गिळता राहिलो.

"मी दुकानातून सुटले की वाटेत भाजी घेते," ती आरशात बघत म्हणाली. "बटणासाठी गरम गरम काहीतरी करते. ताटली पुढे ठेवली की ती म्हणते, पोट भरलं. रोज! एखादा घास खाते, तोही माझ्याकडे बघून. सकाळी घाई, दुपारी मी दुकानात. दिवसातून एकदा तिला पोटभर भरवावं म्हटलं, तर तिला भूकच नसते. मग मी तिची कोण, काका? नुसती आंघोळ घालणारी?"

मी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "अगं, मग हे काकूला सांगायचं की!"

"काय सांगू? तुम्ही माझ्या मुलीला पोटभर घालता, अशी तक्रार करू?"

मला हसू फुटलं. मग आरशात तिचे डोळे दिसले आणि माझं मलाच वाईट वाटलं.

"आणि त्या पाळणाघरात असं काय आहे?" मी विचारलं.

"तिथे चारनंतर काही देत नाहीत," ती म्हणाली.

संध्याकाळी हे सगळं हिच्या कानावर घातलं. आधी ती उसळलीच. "मग तोंड नव्हतं का तिला? गरीब गाजरावर कशाला आळ घेतला?" मग खाली बसली. म्हणाली, "मला वाटायचं, मी तिचं एक काम हलकं करतेय."

"तिला तेवढंच काम हवं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हिने सगळ्या पोरांचं खाणं साडेतीनलाच उरकलं. पाचच्या सुमारास बटण आलीच. "आजी, भूक."

"आई येईल आत्ता."

"मला आत्ता भूक!"

ही स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. माझ्या घडी घातलेल्या कपड्यांच्या तिने परत घड्या घातल्या. बटणाने भोकाड पसरलं तेव्हा ती कानांवर हात ठेवून खिडकीत उभी राहिली. माझ्याने ते बघवेना. मी एका शर्टाला डावी बाही उजवीकडे जोडून बसलो.

आई आली ती धावतच. "काय झालं? पडली का कुठे?"

"पडली नाही," ही पाठमोरीच म्हणाली. "भूक लागलीय तिला. मी काही दिलेलं नाही, आणि यापुढेही या वेळेला देणार नाही. घरी ने आणि जेवायला घाल."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवायला लागलो. तिने पोरीला उचललं आणि भराभर जिना उतरली. "आई, भूक! आई, भूक!" हे वळणापर्यंत ऐकू येत होतं.

"निदान एखादं बिस्कीट तरी द्यायचं होतं हो," ही म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

सकाळी मायलेकी वेळेच्या आधीच हजर. आईचा चेहरा नुसता फुललेला. "काकू, काल हिने सगळं संपवलं! परत मागितलं!" मग तिने पिशवीतून डबा काढला. "आज थोडं जास्त केलंय. दुपारी हेच द्याल का तिला?" नव्या पाळणाघराचं नाव तिने काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

दुपारी हिने डबा उघडला. मऊ भात आणि वाटाणे. बोटाच्या टोकाने चव घेतली आणि थबकली. मीही चाखून बघितलं. मीठच नव्हतं. हिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला, झाकणावर थोडा वेळ राहिला आणि तसाच मागे आला. मग बटणाला पुढ्यात घेऊन तिने पहिला घास भरवला.

"आईने केलंय," बटण तोंडभर घास घेऊन म्हणाली.

"हो ना. किती छान झालंय."

पोरीने एक शीत उरवलं नाही. तोंड पुसून घेता घेता तिने आमच्या हिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "आजी, तू पण असं करायला शीक."

"शिकते हं," ही म्हणाली.