नळीवरचा बंध

त्या रविवारी आमच्या हॉलमध्ये चाक ठेवायला जागा नव्हती. पुनर्वसन केंद्राच्या तळमजल्यावरचा हा हॉल. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांच्या चाकाच्या खुर्च्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि त्यांच्यामागे बायका, भाऊ, आया टाचा उंचावून उभ्या होत्या. मंचावर पांढरा कोट घातलेला एक माणूस प्लास्टिकचा पाठीचा कणा हातात घेऊन फिरत होता. तो स्वतःला मेरुमित्र म्हणवून घ्यायचा. डॉक्टर नाही, बाबा तर मुळीच नाही, 'मार्गदर्शक व्याख्याता'. बाबा म्हटलं की हल्ली लोक जरा सावध होतात, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

"कणा म्हणजे काय?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, "कणा म्हणजे जिना! तुमची ऊर्जा तळमजल्यावर अडकली आहे. तिला वर यायचंय. पण दाराला कुलूप कुणी लावलं?"

"शंकेनं!" हॉल ओरडला. हे पाठांतर मागच्या खेपेला करून घेतलेलं होतं.

जिना, दार, कुलूप. या माणसाला एक खोली बांधून द्यावी आणि बाहेरून कडी लावावी, असं मला वाटत होतं.

मी शाळेत खेळ शिकवायचे. मुलींना दोरावर चढायला शिकवताना एकदा मीच वरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे आणि दर गुरुवारी याच हॉलमध्ये माझ्यासारख्यांसाठी भाषणं घेते. एका जागी बसून कातडीला जखम होते ती कशी टाळायची, पोट कसं साफ ठेवायचं, लघवीची नळी कशी सांभाळायची, असे माझे विषय. शेजारी केंद्राच्या डॉक्टरीणबाई बसतात आणि मी चुकले की लगेच टोकतात. एवढं करून ऐकायला येणाऱ्यांनी पहिली रांगही भरत नाही. मंचावर खुर्ची चढवता यावी म्हणून एक उतार बांधा, असं कचेरीत सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. मेरुमित्रासाठी तो उतार एका रात्रीत तयार झाला. हॉल त्यानं भाड्यानं घेतला होता ना!

प्रयोग सुरू करण्याआधी तो खुर्च्यांमधून हिंडला. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होता, "इजा कुठे?" कमरेत म्हणणाऱ्याला तो गोड हसून सांगायचा, "तुमची वेळ यायची आहे." मान म्हणणाऱ्याला मात्र जवळ घ्यायचा आणि पुढे बसवायचा. मला त्यानं नुसता नमस्कार केला.

त्या दिवशी मंचावर गेला आमचा वायरमन. विजेच्या खांबावरून पडून त्याची मान मोडली. हात कोपरापर्यंत ऐकतात, बोटं ऐकत नाहीत, छातीखाली काहीच कळत नाही. पोरगा माझ्या गुरुवारच्या भाषणांना यायचा. नळीच्या भाषणाला मात्र अर्ध्यातून उठला. म्हणजे बायकोला म्हणाला, मला बाहेर ने. जाताना मला सुनावून गेला, "बाई, माणसाला जरा वर बघू द्या की. तुमच्याकडे सदा आपलं लघवी आणि पोट!"

मेरुमित्र त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याचा पाय हातात घेऊन चवडा झटकन वर रेटला, आणि तो पाय आपोआप टकटक टकटक नाचायला लागला. वायरमनचा चेहरा लालबुंद झाला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, दंडावर काटा उभा राहिला.

"काय होतंय? लोकांना सांगा!"

"डोक्यात... डोक्यात घण बसतायत!"

"ऊर्जा डोक्यापर्यंत पोचली!" मेरुमित्र हात पसरून किंचाळला. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. वायरमनची बायको पदर तोंडाशी धरून रडत होती. मेलेल्या शरीरात जीव परतताना दिसला, तर कोण रडणार नाही? माझं मात्र त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष होतं. हा चेहरा, हा घाम, हे डोकं ठणकणं, सगळं मी याच मंचासमोर बसून वर्णन करून सांगितलं होतं. नळीच्या भाषणात, तो उठून बाहेर गेल्यानंतर.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती दोघं सापडली. बायको खाली वाकून त्याच्या पॅंटमधून आलेल्या लघवीच्या नळीवरचा एक निळा चिमटा काढत होती. चिमट्याला सोनेरी दोरा गुंडाळलेला. औषधांच्या दुकानात असे चिमटे मूठभर मिळतात, बिनदोऱ्याचे.

"हे काय लावलंयस?"

"बंध आहे, बाई," ती कुजबुजली. "मेरुमित्रांनी दिलाय. सकाळपासून भरपूर पाणी प्यायचं आणि बंध लावायचा. नाहीतर ऊर्जा खालून वाहून जाते."

"अगं, ती ऊर्जा नाही, लघवी आहे! मूत्राशय तुंबलं की मान मोडलेल्या माणसाचं रक्त डोक्यात चढतं. मेंदूतली शीर फुटून मरेल हा!"

वायरमनचा घाम आता ओसरत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुम्हाला मंचावर बोलावलं नाही, म्हणून बोलताय."

"माझं सोड, तू डॉक्टरीणबाईंना विचार."

"त्या काय सांगणार? 'सुधारणा होईल असं सांगता येत नाही.' दर वेळी तेच. पुढच्या रविवारी उत्थान आहे. मी उभा राहणार." मग त्यानं बायकोला हाक मारली, "चल गं."

ती खुर्ची ढकलत निघाली. वळून म्हणाली, "आमच्या सुखाला दृष्ट लावू नका, बाई."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वायरमनच्या घरी फोन केला, त्याच्या बायकोनं तो मध्येच ठेवून दिला. त्या कचेरीत जाऊन भांडल्या. कचेरीनं हात वर केले: हॉल भाड्यानं दिला आहे, आत कोण काय बोलतो याला केंद्र जबाबदार नाही. रविवारी डॉक्टरीणबाईंना वॉर्ड सोडता येणार नव्हता. त्यांनी बीपीचं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "त्याचं वरचं बीपी एरवी शंभरच्या आत असतं. दीडशे दिसलं तरी थांबू नका. आधी नळी मोकळी करा आणि मला बोलवा."

उत्थानाच्या दिवशी गर्दी दुप्पट होती. मेरुमित्रानं भाषणही दुप्पट लांबवलं. आता मला त्यामागचं कारण कळत होतं: तो ऊर्जेची नाही, मूत्राशय भरायची वाट बघत होता. मध्येच पाण्याच्या बाटल्या फिरवल्या जात होत्या. "प्या! पाणी म्हणजे प्रवाह!" वायरमन मंचावर बसला होता आणि बायको त्याला घोट घोट पाजत होती. नवे कपडे घातले होते त्यानं. नवे बूटसुद्धा. ज्या पायांना बूट कळत नाहीत त्यांना नवे बूट, हे पाहून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग पाय नाचला. चेहरा लाल झाला. पण या खेपेला वायरमन ओरडला नाही, त्याचे डोळे अर्धवट मिटले.

"डोकं..." तो पुटपुटला. "नीट दिसत नाहीये."

"बाहेरचं दिसणं बंद, आतलं सुरू!" मेरुमित्रानं लोकांना अर्थ सांगितला.

मी उतारावर चाकं घातली. शाळेच्या मैदानावर वापरायचे तो आवाज अजून शिल्लक आहे. "बाजूला व्हा!" म्हटलं तर मेरुमित्राचे दोन स्वयंसेवक खरंच बाजूला झाले. मी वायरमनच्या दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळला. "हे मशीन केंद्राचं आहे," मी हॉलकडे बघून ओरडले. "दोनशे बारा! वाचता येतं त्यांनी पुढे येऊन वाचा!"

"यंत्राला ऊर्जा काय कळणार?" मेरुमित्र हसला. "बाईंना उतरायला मदत करा."

मी वाकून पॅंटचा पाय वर केला. वायरमनची बायको माझा हात धरायला धावली. "बंध सोडू नका बाई, पाया पडते!"

"त्याच्या तोंडाकडे बघ आधी!" मी म्हटलं.

तिनं बघितलं. त्याचे ओठ वाकडे होत होते. माझा हात सोडून तिनं स्वतःच चिमटा उपटला.

मांडीला बांधलेली पिशवी फुगायला लागली. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ती दिसत होती, पिवळीधमक, टम्म. मी त्याला ताठ बसवून ठेवलं, पाय खाली लोंबते सोडले, गळ्याचं बटण काढलं आणि एका स्वयंसेवकाला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. मग मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचत राहिले. एकशे नव्वद. एकशे साठ. एकशे तीस. आकडा खाली, पिशवी वर. घाम थांबला, काटा बसला, वायरमननं डोळे नीट उघडले.

"बघा तुमची ऊर्जा," मी पिशवीकडे बोट दाखवलं. "इथे जमा झाली आहे. कुणाला घरी न्यायची असेल तर न्या."

कुणीतरी हसलं. बाकीचे खवळले. "घाण केली बाईनं! होत आलं होतं सगळं!" एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "ही स्वतः चालत नाही म्हणून दुसऱ्यालाही चालू देत नाही."

"ऐका!" मी म्हटलं. "मान मोडली की मेंदू आणि खालचं शरीर यांचा संपर्क तुटतो. मूत्राशय तुंबलं की खालून धोक्याची घंटा वाजते, शिरा आवळतात, रक्त वर चढतं. मेंदूला ते कळतं, पण खालच्या शिरा सैल करा हा निरोप खाली जाऊ शकत नाही. म्हणून घाम, म्हणून लाल तोंड, म्हणून डोकं ठणकतं. कमरेत इजा असलेल्यांना सहसा असं होत नाही, म्हणून हे गृहस्थ आम्हाला मागे बसवतात. यांना सगळं ठाऊक आहे. जो माणूस फक्त माना निवडतो आणि खिशात चिमटे ठेवतो, त्याला नळी काय असते हे पक्कं ठाऊक असतं."

"आणि पाय? पाय कसा हलला?" आजोबांनी विचारलं.

मी वायरमनच्या बायकोकडे वळले. "इकडे ये. त्याचा चवडा धर आणि झटकन वर रेट."

तिनं घाबरत घाबरत रेटला. पाय टकटक टकटक नाचायला लागला. ती हात मागे घेऊन त्या पायाकडे बघत राहिली. "मला तर काहीच येत नाही," ती म्हणाली. "मी फक्त ढकललं."

"त्यांनीही तेवढंच केलं. पायातली उसळी आहे ती, मणक्यातल्या मणक्यात फिरणारी. मेंदूचा तिच्याशी संबंध नाही."

मेरुमित्र कणा काखोटीला मारत होता. "शंका शिरली की ऊर्जा परतते. आज सत्र स्थगित."

"थांबा," आवाज वायरमनचा होता. खोल गेलेला, पण स्पष्ट. "नळी आता उघडी आहे. करा पुन्हा."

"तुम्ही थकला आहात, मित्रा."

"मी थकलेलोच असतो. तुमचा हात लावा. मंत्र म्हणा, नाहीतर भाषण करा. मला फक्त घाम आणून दाखवा. नळी उघडी ठेवून."

मेरुमित्रानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, 'प्रवाह, प्रवाह' म्हणाला. वायरमनच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला नाही. घाम मेरुमित्राच्याच मानेवरून वाहत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "यांचीच नळी तुंबली वाटतं." तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारातून आत आल्या आणि मेरुमित्र उतारावरून जो सुटला तो थेट फाटकाबाहेर. कणा मंचावरच राहिला.

पुढच्या गुरुवारी वायरमन आला नाही. मी बोलावलंही नाही. काय तोंडानं बोलावणार? मी त्याचा जीव वाचवला होता आणि त्याचं उभं राहणं हिरावून घेतलं होतं. ते खोटं होतं, पण त्याच्याजवळ तेवढंच होतं. मला त्या पांढऱ्या कोटाचा संताप येतो तो याच्यासाठी. फसवणूक तर दुकानदारही करतो, पण हा माणूस मोडलेल्या माणसाची आशा हेरून तिच्याच मदतीनं त्याला मरणाच्या दारात नेत होता, वर टाळ्या घेत होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी वायरमन आला. हॉलमध्ये नेहमीपेक्षा बरीच जास्त माणसं होती. काही माझ्यावर अजून रागावलेली, खुर्च्या तिरप्या लावून बसलेली. विषय नळीचाच होता. बायकोनं त्याला पुढे आणलं. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, आज मी बोलतो."

मी खुर्ची मागे घेतली.

"माझं डोकं फुटायची वेळ आली होती," तो लोकांकडे बघून म्हणाला. "आणि त्या क्षणी मी किती खूश होतो, तुम्हाला नाही कळायचं. अपघातानंतर तेवढा खूश कधी झालो नव्हतो. म्हणून सांगतो, आपल्याला किती बरं वाटतंय यावर जाऊ नका. कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याला म्हणा, नळी उघडी ठेवून दाखव. मला त्यानं बंध दिला, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, मान मोडलेल्यांनाच पुढे बसवलं. सगळं डोळ्यांसमोर होतं. मी एकदाही 'का' म्हटलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती."

तो दम घ्यायला थांबला. छातीचे स्नायू साथ देत नाहीत, लांब वाक्य त्याला झेपत नाही.

"मी वाचलो तो माझ्या शहाणपणानं नाही. ही बाई आरडाओरडा करत आली म्हणून वाचलो. तुमच्या वेळी ती नसेल. त्यामुळे 'का' तुमचं तुम्हालाच विचारायचंय. चिमटा लावायच्या आधी."