रेडिओ गाडीत, वायर माळ्यावर

माझी बायको नीला मोर्सच्या परीक्षेत पास झाली आणि मी नापास झालो, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. त्यातही माझी ती दुसरी खेप होती आणि तिची पहिली. अभ्यासाच्या सीड्यासुद्धा माझ्या होत्या.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी गप्पांचं, वेड मूळचं माझं. नागपूरला कॉलेजात असताना माझ्या मित्राच्या, श्रीरंगच्या गच्चीवर अँटेना उभी राहिली तेव्हा खालचा बांबू मी धरला होता. लायसन्स त्याच्याकडे होतं, म्हणून माईकही त्याच्याच हातात. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की एक दिवस मी स्वतःच्या रेडिओवरून या श्रीरंगला हाक मारणार. मग नोकरी, व्हिसा, लग्न यात बरीच वर्षं गेली. टेक्सासात शुगर लँडला घर घेतल्यावर, २००३ साली, मी पुन्हा त्या पुस्तकांना हात लावला.

तेव्हा इथे लायसन्सच्या दोन मुख्य पायऱ्या होत्या. पहिली टेक्निशियन. लेखी परीक्षा दिली की मिळायची, पण तिच्यावर गप्पा व्हायच्या त्या तीस-चाळीस मैलांत. दुसरी जनरल. ती मिळाली की सातासमुद्रापार बोलता यायचं, पण त्यासाठी मोर्स, म्हणजे तारेचं कडकट्ट, कानांनी ऐकून कागदावर उतरवावं लागायचं. पहिली परीक्षा नीलाने माझ्यासोबतच दिली. तिचा व्हिसा डिपेंडंटचा, नोकरीची परवानगी नाही, परीक्षेच्या शनिवारी घरी एकटी बसून काय करू म्हणाली. तिचा फॉर्म मीच भरला, मोठ्या मनाने.

मोर्सच्या सीड्या मी संध्याकाळी हॉलमध्ये लावायचो आणि वहीत टिंबं-रेघा मोजत बसायचो. नीला तेव्हा कणीक मळत असायची, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत असायची. एका चर्चच्या हॉलमध्ये परीक्षा झाली तेव्हा तिचा कागद पूर्ण भरलेला होता आणि माझ्या कागदावर मधेमधे गाळलेल्या जागा होत्या. परतताना मी विचारलं, तू अभ्यास केलास तरी कधी?

"तू मोजतोस," ती म्हणाली. "मी नुसती ऐकते."

ती चिडवत नव्हती, खरं तेच सांगत होती, आणि म्हणूनच माझा जास्त तिळपापड झाला. हायवे ५९ वरून घर येईपर्यंत मी गाडीतली गाणी मोठ्याने लावून ठेवली. पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

दोन आठवड्यांनी सरकारी पाकीट आलं. ते पहिलं लायसन्स सोडलं तर अमेरिकेत पाऊल टाकल्यापासून नीलाच्या प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे माझं नाव असायचंच. या कागदावर फक्त तिचं नाव होतं, आणि खाली तिचा कॉल साइन, म्हणजे हवेवर ओळख द्यायची अक्षरं. तिने तो फ्रिजवर लावला. दुधाचा कॅन काढताना रोज सकाळी मला त्याचं दर्शन घ्यावं लागे.

आता प्रश्न आला रेडिओचा. माझी निवड वर्षभरापूर्वीच ठरली होती: गाडीत बसवायचा छोटासा सेट, जवळच्या गप्पांचा. आम्ही प्रल्हादकाकांना घेऊन दुकानात गेलो. काका इथले जुने हॅम, रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. सेट कुठलाही असो, आधी वजन बघायचे आणि मग नाक मुरडायचे. माझा छोटा सेट त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला.

"अरे त्र्यंबक, हा तुझ्या लायसन्सपुरता झाला," ते म्हणाले. "हिच्या लायसन्सचं काय?"

मी म्हटलं, काका, लांबचं बोलायला मोठी अँटेना लागते, आणि आमची होमओनर्स असोसिएशन घराबाहेर साधी कपड्यांची दोरी बांधू देत नाही. मला तो नियम त्या दिवशी फार आवडला होता. पण नीलाने काकांना विचारलं, वायर आतल्या आत माळ्यावर ताणली तर? काका खूश झाले. त्यांची स्वतःची वायर गेली दहा वर्षं माळ्यावरच होती.

शेवटी घेतला तो दोन्हीकडे चालणारा. जवळचंही बोलतो, लांबचंही. मुख्य डबा गाडीच्या सीटखाली, पुढची बटणांची पट्टी सुटी होऊन डॅशबोर्डवर. घरी आणला की टेबलावर ठेवायचा आणि पॉवर सप्लायला जोडायचा. सोमवार ते शुक्रवार रेडिओ घरी नीलाकडे आणि शनिवार-रविवार गाडीत माझ्याकडे, असं दुकानातच काकांसमोर ठरलं. मी मान डोलावली. आधी गाडीत बसवून बघू, एवढंच म्हणालो.

बसवायला दोन वीकेंड गेले. वायरिंग इतकं सुंदर झालं की ते सोडवायला हात होईना, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मी ऑफिसात बसलेला असताना ती घरात बसून जपानशी, ब्राझीलशी बोलणार, संध्याकाळी मला त्याच्या गोष्टी सांगणार, आणि मी ट्रॅफिकची हकीकत सांगणार. हे चित्र मला सोसवेना. रेडिओ रोज माझ्याबरोबर ऑफिसला जायला लागला.

नीलाने आपलं काम पुरं केलं. जून महिना होता. माळ्याची भट्टी व्हायच्या आत, सकाळी सहाला ती शिडीवर चढली आणि तेहेतीस फूट वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. तिची केबल कपाटातून खाली खिडकीजवळच्या टेबलापर्यंत आणली आणि टोकाला धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली. रोज संध्याकाळी विचारायची, आज काढतोस का? मी म्हणायचो, शनिवारी बघू. तीन आठवड्यांनी तिने विचारणं बंद केलं, आणि मला चक्क जिंकल्यासारखं वाटलं.

आता पुढचं. लांबच्या गप्पांच्या लहरींच्या पट्ट्यावर माझ्या लायसन्सला बोलायची मुभा नव्हती. फक्त जनरलवाला माणूस शेजारी बसलेला असेल तर त्याच्या देखरेखीखाली, त्याचा कॉल साइन सांगून मी बोलू शकत होतो. एका दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये डबा खाता खाता मी तो पट्टा लावला. ओहायोचा एक म्हातारा कुणाला तरी हाका मारत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. मी माईक उचलला आणि नीलाचा कॉल साइन सांगितला.

फ्रिजच्या कृपेने तो मला तोंडपाठ होता. म्हाताऱ्याने नाव विचारलं. मी म्हटलं, लायसन्स माझ्या बायकोचं आहे, नीलाचं, ती इथेच शेजारी बसलीये, जेवतेय. शेजारच्या सीटवर माझा डबा होता. दहा मिनिटं गप्पा झाल्या. हजार मैल. उरलेला डबा तसाच बंद केला. घरी आल्यावर मी नीलाला काहीच सांगितलं नाही.

पण हॅम लोकांची एक रीत असते, आणि मी ती साफ विसरलो होतो. बोलणं झालं की आठवण म्हणून पोस्टकार्ड पाठवायचं. कॉल साइनवरून पत्ता यादीत कुणालाही सापडतो. पत्ता अर्थात लायसन्सवाल्याचा.

दोन आठवड्यांनी ऑफिसातून आलो तेव्हा ते कार्ड माझ्या ताटाशेजारी होतं. वर नीलाचा कॉल साइन, तारीख, वेळ, सगळं सुबक अक्षरात. खाली लिहिलं होतं: प्रिय नीला, तुझा नवरा नशीबवान आहे. माझीही बायको अशीच माझ्या शेजारी बसून जेवायची. रेडिओतलं तिला काही कळत नसे, पण बसायची. पुढच्या वेळी तुझा आवाज ऐकव.

मी दोनदा वाचलं. नीलाने वरण वाढलं, तूप वाढलं. मग बसली.

"माझ्या कॉल साइनवरचा पहिला कॉल होता तो," ती म्हणाली. "पहिला मला करायचा होता."

मी ताटावरून उठलो, गॅरेजमध्ये गेलो आणि सीटखालचा डबा सोडवायला घेतला. जे वायरिंग सोडवायला हात होत नव्हता ते वीस मिनिटांत सुटलं. टेबलावर रेडिओ मांडला, केबलची पिशवी काढली, पॉवर सप्लाय जोडला. ती दारात उभी राहून बघत होती. मी सॉरी म्हटलं. ती "हं" म्हणाली.

श्रीरंगला मी ईमेल केली, वेळ ठरली. बुधवारी सकाळी सव्वासात, म्हणजे नागपुरात संध्याकाळ. नीला खुर्चीवर बसली, मी शेजारी स्टुलावर. ती शेजारी असताना मला बोलायची मुभा होतीच. शर्टाला इस्त्री करून मी वाट बघत होतो. तिने स्वतःचा कॉल साइन सांगितला, हळू, एकेक अक्षर. खरखर झाली. पुन्हा सांगितला. पाचव्या हाकेला खरखरीतून श्रीरंग आला, लांबून, पण तोच, शब्द ओढून बोलणारा. वीस वर्षांपूर्वीचा तो बांबू पुन्हा हातात आल्यासारखं झालं.

त्या दोघांनी सिग्नल सांगितले, हवा विचारली. वहिनी, तुमचा आवाज मस्त येतोय, तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्र्यंबक कुठाय? द्या ना त्याला. ओव्हर."

मी हात पुढे केला. नीलाने माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी शांतपणे, आणि माईकचं बटण दाबलं.

"तो नाहीये हो भाऊजी," ती म्हणाली. "गाडी घेऊन ऑफिसला गेलाय. ओव्हर."

मी हात मागे घेतला. समोर तिची नवी कोरी वही होती, कोणाशी कधी बोललो ते लिहायची. मी पेन उचललं आणि पहिल्या ओळीवर तारीख आणि वेळ टाकली. नाव तिचं लिहिलं.