लाल दिव्यातली पिठीसाखर

बर्नाबाश काकांनी शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी बाबागाडीकडे बघून सांगून टाकलं होतं, "एमेशे, बाळ रडलं किंवा पांढरा दिवा लागला, की गाशा गुंडाळायचा. मग चूक तुझी असली तरी, माझी असली तरी."

"आणि बाळ हसलं तर?" बोटोंडने विचारलं. माझ्या नवऱ्याला असले प्रश्न कधी कमी पडत नाहीत.

"हळू हसायचं."

काका निवृत्त दंतवैद्य. दोन हिवाळे स्वयंपाकघरात बसून त्यांनी दुर्बिणीचा आरसा हाताने घासला, पिंपाएवढी नळी बनवली आणि तिच्याशेजारी दवाखान्यातली जुनी खुर्ची आणून ठेवली, पायाने दाबून वर-खाली होणारी. त्या खुर्चीत आडवं झाल्याशिवाय ते कुणाला आकाश दाखवत नाहीत. मात्रा नावाच्या डोंगरात दर ऑगस्टला आम्ही पंधराएक वेडे जमतो. प्रत्येकाच्या कपाळावर लाल दिवा, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. नवखं कुणी लाल पेन्सिलीने नोंद करायला गेलं की काका हसून हसून लोळतात. लाल उजेडात लाल अक्षर पांढऱ्या कागदात विरघळूनच जातं.

मेसिए नावाच्या जुन्या फ्रेंच खगोलवेत्त्याच्या यादीत एकशेदहा धूसर ठिपके आहेत. एकशेनऊ मी लग्नाआधीच पाहिले. उरला तिसावा, मकर राशीतला तारकागुच्छ. तो दक्षिणेला, खाली खाली असतो. त्याच्या वेळेला एकदा ढग आले, एकदा ताप आला आणि मग मिंका आली. गेले दहा महिने मी आकाश पाहिलं ते मध्यरात्री तिला खांद्यावर घेऊन खिडकीतून, तेही समोरच्या इमारतीने सोडलं तेवढं.

आज शिबिराची शेवटची रात्र. पावणेबारा ते बारा तो गुच्छ दोन पॉप्लर झाडांच्या फटीतून सरकणार होता. नंतर थेट पुढच्या वर्षी.

आमच्यात रीत अशी, की यादी पुरी करणाऱ्याने शेवटचा ठिपका बघण्याआधी सगळ्यांना पालाचिंता, म्हणजे गोड धिरडी, खाऊ घालायच्या. बघून झाल्यावर माणूस आनंदाच्या भरात विसरतो म्हणे. मी दुपारभर मिंकाला पाठीवर बांधून तीस पातळ पालाचिंता भाजल्या, आत जर्दाळूचा मुरंबा भरला, गुंडाळ्या केल्या. रात्री तंबूत लाल दिव्याखाली बरणी उघडली आणि पिठीसाखर मोकळ्या हाताने भुरभुरली. वास यायला हवा होता, पण मिंकाची सर्दी माझ्या नाकात येऊन बसली होती.

ताट बोटोंडच्या हाती दिलं आणि मिंकाला पाजायला घोंगडीखाली शिरले, डोक्यापासून पायापर्यंत. बाहेरून काकांचा आवाज आला, "वा! लावून ठेवलाय गं तुझा गुच्छ, पोरी. पाच मिनिटांत ये."

मग कुणीतरी गाढवासारखं खोकलं. मग सगळेच.

"पाणी!"

"पाणी कुठंय?"

"माझ्या पायावर उभा आहेस, त्याच्याखाली!"

"डोळा! माझा डोळा!" हे काका. त्यांनी त्याच बोटांनी डोळा चोळला होता. "काय घातलंयस बाई यात?" आणि काय खाल्लं ते बघायला त्यांनी खिशातली विजेरी काढून लावली. पांढरी. लखलखीत. ताट लालभडक झालं.

सासूबाईंनी कालोचाहून पाठवलेली, शिबिरातल्या रश्शासाठी आणलेली तिखटातली तिखट पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड. बरण्या दोन्ही सारख्याच, आणि लाल दिव्याखाली आतली पूडही सारखीच पांढरी. लाल पेन्सिलवाल्यांना मीही हसले होते.

"काका, विजेरी!" बोटोंड ओरडला. तोवर सगळ्यांचे डोळे दिपले होते, आणि बाकीची मंडळी एकमेकांना धरून नळाकडे निघाली होती.

घोंगडीत मिंकाने दूध सोडलं, कान टवकारले आणि हसली. हळू नाही. खदखदून.

"एमेशे, बाहेर ये," बोटोंड कुजबुजला. "विजेरी गेली नळाकडे. खुर्ची रिकामी आहे. तुझेच डोळे शाबूत आहेत. पळ!"

मिंकाला पोटाशी धरून मी त्या खुर्चीत चढले, डोळा लावला. अंधार. मग अंधारात एक धुक्याचा गोळा, भुरका, मऊ. आणि एका बाजूने ताऱ्यांच्या दोन बारीक दोऱ्या निघालेल्या, अगदी मिंकाच्या टकलावर उभे राहणाऱ्या दोन केसांसारख्या. मी श्वास रोखला. मिंकानेही रोखला असावा.

तेवढ्यात तो गोळा वर वर जायला लागला.

"बोटोंड, गुच्छ पळतोय!"

"गुच्छ नाही गं, तू खाली चाललीयेस. माझा पाय पडला खुर्चीच्या दांडीवर."

त्याने दाबून दाबून मला परत वर आणलं आणि पॉप्लरच्या पानांआड जाईपर्यंत मी तो पाहिला.

काका परतले तेव्हा दाढीतून पाणी ठिबकत होतं.

"बघितलास?"

"बघितला. दोन दोऱ्या आहेत त्याला."

"बरोबर." त्यांनी नोंदवहीत काहीतरी खरडून ती माझ्या हातात दिली. मी लाल दिव्याखाली पान उलटंसुलटं केलं. कोरं. काका रागावले असणारच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पांढरा दिवा मीच लावला. नियम म्हणजे नियम, उद्या सकाळी गाशा गुंडाळतो."

"काका, उद्या सकाळी सगळेच गुंडाळणार आहेत."

"म्हणून तर उद्या म्हणालो."

सकाळी मिंका दव पडलेल्या गवतावर रांगत होती. मी वही पुन्हा उघडली. कोऱ्या पानावर लाल पेन्सिलीने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एकशेदहा, एमेशे, सोबत मिंका. खाली सही, आणि सहीशेजारी पाप्रिकेने माखलेल्या अंगठ्याचा ठसा.

मी वही घेऊन काकांच्या तंबूकडे निघाले. त्यांना आता वर्षभर पुरेल इतकं हसायचं होतं मला.