तातडीचं असल्यास फोन करा

मी ऑटो रिप्लाय बोलतोय. लगेच तोंड वाकडं करू नका. माझं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही कुणाला तरी मेल पाठवता, दुसऱ्याच क्षणी उत्तर येतं, तुम्ही खूश होऊन उघडता, आणि आत मी. ‘मी सध्या रजेवर आहे.’ इतक्या चटकन उत्तर देऊनही शिव्या खाणारा माझ्यासारखा दुसरा कुणी नसेल.

कानाची मशीनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला. सोमवारी सकाळी, दहा वाजून वीस मिनिटांनी. जिन्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही, हवा बारा महिने गार, भिंतीला लागून उंच कपाट आणि त्यात लुकलुकणारे हिरवे दिवे. तिथे एक बाई खांद्यावर शाल घेऊन बसतात. कंपनीतले सगळे संगणक त्या सांभाळतात आणि सगळ्यांच्या मेलपेट्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, म्हणून त्यांना सगळे किल्लीताई म्हणतात. माझी जन्मदात्री म्हणाल तर याच.

खरं तर लोक रजेवर जाताना आपापला ऑटो रिप्लाय स्वतःच लिहून जातात. त्यातही किती नमुने! एकजण सुट्टीची तारीख टाकतो आणि परत आल्यावर बंद करायला विसरतो. बिचारा समोर बसून काम करत असतो आणि जगाला वाटतं, हा अजून डोंगरावरच आहे. एकीने आपल्या जागी दुसऱ्याचं नाव दिलं, त्याने तिसऱ्याचं, आणि तिसऱ्याने परत तिचं. अशा सगळ्या गोंधळात किल्लीताई दर सोमवारी हात घालतात. कुणाचा बंद करायचा, कुणाच्या तारखा दुरुस्त करायच्या, हे त्यांचं नेहमीचं काम.

माझं मात्र वेगळं झालं. दुरुस्तीचा विभाग बघणारे काका अठरा वर्षांत एकदाही सलग दोन दिवस घरी राहिले नव्हते. सगळे त्यांना दुरुस्तीकाका म्हणतात. त्या रविवारी त्यांच्या पोटात असह्य दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत पित्ताशयाचं ऑपरेशन झालंसुद्धा. आता पोट धरून दवाखान्यात जाणारा माणूस ऑटो रिप्लाय कुठून लिहिणार?

सकाळी साहेबांचा खालच्या खोलीत फोन आला. “ताई, काकांच्या मेलवर काहीतरी लावून टाका हो. पंधरा दिवस तरी नाहीत ते.”

किल्लीताईंनी कंपनीचा ठरलेला मजकूर घेतला आणि काकांच्या पेटीवर चिकटवला. ‘नमस्कार. मी वैद्यकीय रजेवर आहे. परतल्यावर आपल्याला उत्तर देईन. तातडीचं असल्यास कृपया पुढील क्रमांकावर फोन करा.’ खाली साहेबांच्या टेबलावरचा नंबर. विक्रीवाल्यांना हाच मजकूर, गोदामवाल्यांनाही हाच. चार मिनिटांत मी तयार झालो. ताईंनी चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. मी प्रत्येकाशी एकदाच बोलतो. तुम्ही मला दहा पत्रं पाठवलीत तरी पहिल्याला उत्तर मिळेल, पुढच्या नऊंना नाही. लोकांना सारखं तेच तेच ऐकून वीट येऊ नये, म्हणून आम्हाला असंच घडवलंय. कुणाशी बोलून झालं, त्याची यादी मी मनाशी ठेवतो. आणि हो, आपण होऊन मला कुणाला काही लिहिता येत नाही. आधी कुणीतरी लिहावं लागतं.

पहिल्याच दिवशी, साडेअकराला, एक पत्र आलं. पेटीच्या तोंडाशी बसलेलो असल्यामुळे प्रत्येक पत्र माझ्या डोळ्यांखालून जातं. हे होतं छापखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांचं. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेलेले. लिहिलं होतं:

‘काका, सप्रेम नमस्कार. माझी दोन्ही मशीनं तुमच्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात गुरुवारी धाकटा भाऊ येतोय. अकरा वर्षांनी येतोय आणि तीनच दिवस राहणार आहे. त्याची नजर आता पार गेली आहे, त्यामुळे त्याने पाटीवर लिहून मला दाखवायची सोय राहिली नाही. त्याला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. मशीन नसेल तर आम्ही दोघांनी तीन दिवस करायचं काय? कधी मिळतील तेवढं कळवा. दोन बस बदलून यायचं असतं, म्हणून आधी विचारतो.’

मी अर्ध्या सेकंदात उत्तर दिलं. तातडीचं असल्यास फोन करा. आणि खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुकच वाटलं. काय तत्परता!

बुधवारी त्यांचं दुसरं पत्र आलं. ‘काका, मला फोनवर ऐकू येत नाही, हे तुम्हाला सांगायची वेळ यावी? एकटा राहतो, घरात फोन करायला दुसरं कुणी नाही. अठरा वर्षांत तुम्ही मला कधी फोन करा म्हणाला नाहीत.’

वाचून मला ओशाळल्यासारखं झालं. माझं उत्तर त्यांनी काकांचं समजलं होतं. आणि समजणारच, खाली नाव काकांचंच होतं ना! मला सांगायचं होतं की आजोबा, काकांवर रुसू नका, ते दवाखान्यात पडून आहेत आणि त्यांच्या जागी मी बोललोय. पण ते यादीत होते, आणि माझे शब्दही ठरलेले. मी गप्प बसलो.

शुक्रवारी तिसरं पत्र आलं. त्यात मशीनबद्दल एकच ओळ होती. बाकी, ‘वैद्यकीय रजा म्हणजे काय झालंय? काळजी वाटते.’ सोमवारी चौथं: ‘भावाचं यायचं पक्कं झालं. परवाच्या दिवशी गाडीत बसेल.’

आणि ते काही एकटे नव्हते. त्या आठवड्यात त्रेचाळीस जणांना मी फोन करा म्हणून सांगितलं. एका शाळेच्या बाई होत्या, एक न्हावी होता, नातवाच्या मदतीने मेल लिहिणाऱ्या एक आजी होत्या. सगळे काकांचे. काका त्यांना न चुकता लिहून कळवायचे, कारण हे लोक काय करू शकतात आणि काय नाही, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या सोमवारी साहेब खालच्या खोलीत आले. काहीतरी कागद न्यायला आले होते, पण चेहरा खुललेला.

“ताई, काका नाहीत तरी सगळं कसं शांत चाललंय बघा. आठवडा झाला, तातडीचा एक फोन नाही. मला तर वाटलं होतं, फोन उचलून उचलून हात दुखेल.”

“एकही नाही?” ताईंनी विचारलं.

“एकही नाही!”

साहेब गेले. ताईंनी माझी नोंद उघडली. मी कुणाला केव्हा उत्तर दिलं, एवढंच त्यात दिसतं, आतली पत्रं दिसत नाहीत. त्रेचाळीस उत्तरं, एकही फोन नाही. त्यांनी माझा मजकूर परत एकदा, सावकाश वाचला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई! मी बहिऱ्यांना फोन करायला सांगितलंय!”

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण असं बोलणं आपण स्वतःशीच मोठ्याने बोलतो, नाही का?

त्या तडक वर गेल्या आणि साहेबांना घेऊनच खाली आल्या. साहेबांचा खुललेला चेहरा एव्हाना उतरला होता.

“उघडा ना मग काकांची पेटी. बघू काय काय आलंय,” साहेब म्हणाले.

“नाही उघडता येणार. काकांची लेखी परवानगी लागते. काकूंना मी फोन केला होता, त्या म्हणाल्या, अजून ताप आहे, सही-बिही मागायला येऊ नका हो.”

“पण किल्ली तर आहे तुमच्याकडे.”

“आहे, म्हणूनच नाही उघडायची,” ताई म्हणाल्या. “लोक काकांना घरचं-दारचं सगळं लिहितात. ते काही माझ्यासाठी लिहिलेलं नसतं.”

ताईंनी माझा मजकूर बदलला. फोनचा नंबर काढला आणि काउंटरवरच्या मुलीसाठी नवी पेटी उघडून तिचा पत्ता घातला: ‘मशीनबद्दल इथे लिहा, त्याच दिवशी उत्तर मिळेल.’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेवटी एकदाचे तोंडात कामाचे शब्द आले होते.

मंगळवारी सकाळी आजोबांचं पाचवं पत्र आलं. ‘काका, आता तुम्हाला त्रास देत नाही. परत लिहिणार नाही. भावाचा हात धरून बसेन. तुम्ही बरे व्हा.’

पत्ता माझ्या तोंडावर होता. बोलता येत नव्हतं. ताईंनी शब्द बदलले होते, पण मला एकदा बंद करून परत चालू करायचं राहून गेलं होतं, आणि त्याशिवाय माझी यादी काही पुसत नाही. म्हणजे नवा पत्ता फक्त नव्या माणसांना. ज्यांना मी चुकीचं सांगितलं होतं, नेमके तेच त्रेचाळीस जण माझ्या यादीत अडकून पडले होते. आणि त्यातला एकजण आता परत लिहिणार नव्हता.

दुपारी काउंटरवरची मुलगी खाली आली. “ताई, नव्या पेटीत दोनच मेल आल्यात. दोन्ही नवीन गिऱ्हाइकांच्या.”

ताईंनी नोंद पाहिली आणि जीभ चावली. “बंद-चालू करायचं विसरले. वीस वर्षं हेच काम करतेय आणि विसरले!” त्यांनी मला बंद केलं. बंद होणं म्हणजे काय, ते सांगता येत नाही. मध्ये काही नव्हतंच. परत चालू झालो तेव्हा यादी कोरी होती. पत्रं मात्र पेटीत जिथल्या तिथे.

“आता जाईल ना उत्तर?” मुलीने विचारलं.

“परत लिहिलं तर जाईल,” ताई म्हणाल्या. मग थांबल्या. “पण दोनदा लिहून उत्तर आलं नाही तर तू तिसऱ्यांदा लिहिशील?”

मुलीने मान हलवली. नाही.

यादी पुसण्याआधी ताईंनी तिची प्रत काढून ठेवली होती, तेवढं नशीब. त्यांनी शाल नीट केली आणि स्वतःच्या पत्त्यावरून एकेकाला लिहायला बसल्या. आत कुणी काय लिहिलंय ते न वाचता. ‘नमस्कार. काका आजारी आहेत. फोन करा, हे उत्तर त्यांचं नव्हतं. ते यंत्राने दिलं आणि यंत्रात ते मी लिहिलं. चूक माझी आहे, काकांवर राग धरू नका. मशीनबद्दल खालच्या पत्त्यावर लिहा.’ साहेब डोकावून म्हणाले, चूक वगैरे कशाला लिहायचं, कंपनीचं नाव खराब होतं. ताई टाइप करत राहिल्या. एक मजकूर लिहून सगळ्यांना एकदम पाठवता आला असता, पण तसं पाठवलं की एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसेल की काय, अशी त्यांना धास्ती. त्रेचाळीस पत्रं, त्रेचाळीस वेळा. एकोणिसावं आजोबांचं होतं. मी मोजत होतो.

बुधवारी दुपारी ती मुलगी धावतच खाली आली.

“ताई, छापखान्यातले आजोबा येऊन गेले! मशीनं काका आजारी पडायच्या आधीपासूनच तयार होती हो, काकांच्या खणात, चिठ्ठीसकट. त्यांनी कानात घातली, मी नेहमीसारखं ओरडून म्हटलं, आजोबा, इथे सही करा! तर म्हणतात कसे, हळू बोल गं बाई, ऐकू येतंय मला!”

किल्लीताई हसल्या. हसता हसता त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाल्या की या खोलीत हवा फार गार सोडतात.

माझी कहाणी एवढीच. आमचं आयुष्य पंधरा-वीस दिवसांचं, त्यात तक्रार कसली करायची? पण एक मागणं आहे. आपल्या जागी आम्हाला बोलायला ठेवून जाल, तेव्हा ठरलेला मजकूर चिकटवण्याआधी, समोर कोण वाचणार आहे ते क्षणभर डोळ्यांपुढे आणा. आम्हाला फक्त तेवढंच बोलता येतं.

आज सोमवार आहे. काका आलेत. बरेच वाळलेत, शर्ट खांद्यांवरून लोंबतोय. त्यांच्या पडद्यावर वरती पिवळी पट्टी दिसतेय: ‘ऑटो रिप्लाय चालू आहे. बंद करायचा?’ किल्लीताई शेजारी उभ्या आहेत. पेटीत सगळ्यात वर रविवारचं एक पत्र आहे.

‘काका, भाऊ आज गेला. गुरुवारी आला तेव्हा बोलायचं काय, दोघांनाही सुचेना. मग तो खोकला. अगदी वडिलांसारखा खोकतो. मी म्हटलं, परत खोक. तो हसला आणि खोटं खोटं खोकला. तिथून जे बोलायला लागलो ते तीन दिवस. बाकी भेटल्यावर सांगतो. आणि मध्ये उत्तर देणाऱ्या बाबा, तू या वेळी गप्प राहिलास तरी चालेल. हे पत्र काकांचं आहे आणि यात तातडीचं काही नाही.’

यादी पुसल्यानंतरचं आजोबांचं हे पहिलंच पत्र, त्यामुळे मला काही गप्प बसता आलं नाही. अर्ध्या सेकंदात उत्तर गेलंच. आजोबा, माफ करा.

“काका, दाबा ते बटण, बंद होईल तो,” ताई म्हणतायत.

“दाबतो. आधी हे एक पत्र वाचू दे,” काका म्हणतायत, आणि खिशातला चष्मा शोधतायत.

त्यांचं वाचून होईपर्यंत मी आहे.